मूल लहान असताना निवासी व्यसनमुक्ती उपचार कसे घ्यावेत

दारू, गर्द (ब्राउन शुगर), झोपेच्या गोळ्या किंवा एमडी (मेफेड्रोन) यांच्या व्यसनासाठी महिनाभर केंद्रात राहून उपचार घ्यावेत असा सल्ला मिळाला, की ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याच्या तोंडून पहिला प्रश्न मुलाविषयीचाच येतो. सांभाळणार कोण, शाळेत काय सांगायचे, अंगावर पिणारे बाळ असेल तर त्याला सोडून कसे राहायचे, आणि आपण एकदा आत गेलो की सासरची माणसे मूल परत देतील ना. या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत म्हणून दाखल होण्याची तारीख आधी परीक्षा संपेपर्यंत, मग गणपती होईपर्यंत, मग दिवाळीपर्यंत पुढे जात राहते. बाहेरून पाहणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते, आणि काही वेळा ती असतेही. पण बऱ्याच वेळा, विशेषतः आईच्या बाबतीत, अडचण खरी असते. हा लेख अशा आईसाठी, एकट्याने मूल वाढवणाऱ्या वडिलांसाठी आणि त्यांच्या वतीने चौकशीचे फोन करणाऱ्या बहीण-भावांसाठी आहे.

पालक आणि मूल एकत्र राहून व्यसनावर उपचार घेतात अशा संस्था जगात आहेत. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथील ट्रेव्ही ही संस्था १९९३ पासून आयांना मुलांसह ठेवून घेते. शेफिल्ड येथील फीनिक्स फ्युचर्सच्या कुटुंब केंद्रात एकटे वडील किंवा दोघे पालकही मुलांसह राहू शकतात. अमेरिकेत २०१८ च्या केंद्रीय कायद्याने अशी सोय केली, की सरकारी देखरेखीखालील मुलाला त्याच्या पालकाबरोबर कुटुंब-उपचार केंद्रात ठेवायचे झाल्यास त्याचा खर्च बारा महिन्यांपर्यंत सरकारी निधीतून मिळू शकतो. त्या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या डॉक्टरांकडे किंवा स्थानिक समाजसेवा विभागाकडे अशा केंद्राची थेट विचारणा करावी. महाराष्ट्रात मात्र बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रांची रचनाच पुरुषांच्या वॉर्डाची आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ या वयोगटात दारू घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के आढळले होते, आणि केंद्रांतील खाटाही बहुतांशी पुरुषांसाठीच आहेत. स्त्रियांसाठीच जागा कमी, तेथे स्त्री आणि तिच्या मुलासाठी असलेली जागा आणखी दुर्मीळ.

म्हणून येथे उपचार घेणाऱ्याने 'मुलासह ठेवून घेणारे केंद्र' एवढ्याच शोधात आठवडे घालवू नयेत. मुलाची व्यवस्था हा उपचाराचाच एक भाग आहे असे धरून ती दाखल होण्यापूर्वी ठरवावी, केसपेपरवर लिहून घ्यावी, आणि त्या व्यवस्थेनुसार केंद्र निवडावे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: घरच्या घरी अचानक बंद करू नका

मुलासाठी म्हणून एका रात्रीत दारू सोडण्याचा निश्चय करणारे पालक पुष्कळ असतात. निश्चयात वाईट काही नाही. परंतु जो माणूस अनेक महिने रोज पितो, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, त्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय दारू एकदम थांबवणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास, ताप आणि प्रचंड अस्वस्थता असलेली जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. घरात फक्त पाच-सहा वर्षांचे मूल असताना असे घडले तर ते मूल कोणाला हाक मारणार, याचा विचार करावा. झोपेच्या गोळ्यांची, ज्यांना अनेक वस्त्यांमध्ये 'बटन' म्हणतात त्यांची, जुनी सवय असेल तर तीही एकदम तोडू नये. तीतही फिट येण्याचा धोका असतो.

गर्दची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती थांबवल्यावर येणारी 'टर्की' असह्य असते, अंगदुखी, उलट्या, जुलाब आणि निद्रानाश यांनी माणूस हैराण होतो, पण एरवी धडधाकट माणसाच्या जिवावर ती सहसा बेतत नाही. गर्भवती स्त्री हा त्याला मोठा अपवाद आहे. गरोदरपणात गर्दसारखे अफूवर्गीय पदार्थ अचानक थांबवले तर गर्भाला धोका पोहोचू शकतो; म्हणून अशा स्त्रीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखे औषध सुरू करतात आणि प्रसूतीनंतरही ते चालू ठेवतात. 'एका नशेऐवजी दुसरी नशा' असे म्हणून नातेवाईक ते बंद करायला लावतात. ते ऐकू नये.

तेव्हा सर्वांत आधी मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य कक्ष, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकृती विभाग किंवा केंद्राची ओपीडी, यांपैकी कोठेही हे होते. कोठे जावे हेच माहीत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विचारावे. दोन्ही निःशुल्क आहेत. तपासणीला जाताना किती वर्षे, रोज किती, शेवटचे कधी घेतले आणि पूर्वी बंद केल्यावर काय झाले होते, हे खरेखरे सांगावे. संकोचामुळे अर्ध्यावर आणलेला आकडा औषधाचा डोस चुकवतो.

दुसरी पायरी: खरोखर राहून उपचार हवेत का

प्रत्येकाला राहण्याची गरज नसते. घरात व्यसन न करणारी जबाबदार व्यक्ती असेल, पूर्वी फिट किंवा भ्रमाचा इतिहास नसेल आणि रोज ओपीडीत येणे शक्य असेल, तर घरी राहून औषधे आणि समुपदेशन घेता येते. मूल लहान असलेल्या पालकासाठी हा पर्याय डॉक्टरांसमोर स्वतःहून मांडावा. मिश्री किंवा तंबाखूसाठी तर निवासी उपचार सहसा लागतच नाहीत. त्यासाठी १८००११२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. याउलट घरातच पिणारी दुसरी माणसे असतील, ओपीडीचे प्रयत्न पूर्वी फसले असतील, जीव द्यावासा वाटत असेल किंवा नशेत मुलावर हात उगारला जात असेल, तर राहूनच उपचार घ्यावेत. यातला शेवटचा मुद्दा कोणी आपणहून सांगत नाही, आणि समुपदेशकाला सर्वांत आधी कळायला हवा तो हाच मुद्दा असतो.

तिसरी पायरी: मुलाच्या वयानुसार व्यवस्था ठरवा

येथे घाई करू नये. सर्व मुलांना लागू पडेल असा एक नियम नाही, आणि 'आईजवळ मूल' हे नेहमीच योग्य असेही नाही.

नवजात बाळापासून सुरुवात करू. गरोदरपणात आईच्या शरीरात अफूवर्गीय पदार्थ किंवा त्यांच्या जागी दिलेले औषध असेल, तर जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळालाही त्रास होऊ शकतो: ते किंचाळून रडते, नीट ओढत नाही, अंग ताठ करते, थरथरते. पूर्वी अशा बाळाला लगेच आईपासून दूर नेत असत. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना याच्या उलट सांगतात: आई आणि बाळ एकाच खोलीत राहावे, आणि धोका फायद्याहून स्पष्टपणे मोठा नसेल तर स्तनपानास प्रोत्साहन द्यावे. आईच्या कुशीत, कमी उजेडात, गोंगाटापासून दूर राहिलेल्या बाळांना औषधे कमी लागतात असा अनुभव आहे. म्हणून गर्भवती स्त्रीची प्रसूती जेथे होणार त्या रुग्णालयातील स्त्रीरोग, बालरोग आणि मनोविकृती या तिन्ही विभागांना एकमेकांशी बोलते करणे हे नातेवाइकांचे सर्वांत उपयोगी काम ठरते. व्यवहारात हे आपोआप होत नाही. केसपेपर हातात घेऊन एका ओपीडीतून दुसऱ्या ओपीडीत कोणाला तरी जावेच लागते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग २००९ पासून आहे. तो मुख्यतः प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारांसाठी आहे, मात्र त्याच आवारात व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभागही असल्यामुळे गुंतागुंतीच्या प्रकरणात तेथे विचारणा करणे योग्य ठरते.

अंगावर पिणारे परंतु काही महिन्यांचे झालेले बाळ असेल, तर पहिले आठ-दहा दिवस सर्वांत अवघड असतात. या काळात आईला डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी गुंगी आणणारी औषधे दिली जातात. त्या गुंगीत बाळाला कुशीत घेऊन झोपणे अतिशय धोक्याचे आहे. बाळाचे नाक-तोंड दबले तरी आईला जाग येत नाही. बाळ वॉर्डात असलेच तर ते वेगळ्या पाळण्यात, आणि शेजारी आजी किंवा मावशी जागी, अशीच सोय हवी. जमिनीवर एक गादी टाकून दोघांना शेजारी झोपवणे चालणार नाही. कोणत्या औषधाच्या काळात दूध पाजावे आणि कोणत्या काळात ते काढून टाकावे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पाजायचे नसले तरी ठरावीक वेळाने दूध काढत राहावे, नाहीतर छातीत गाठी होतात, ताप येतो आणि दूधही आटते. मग औषधांचा टप्पा संपल्यावर बाळ पुन्हा अंगावर घेणे अवघड जाते.

बहुतेक कुटुंबांना झेपणारा आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे केंद्राजवळची खोली. आजी किंवा मावशी बाळासह केंद्रापासून चालत जाता येईल अशा अंतरावर महिनाभर राहते, आणि डिटॉक्सचा, म्हणजे औषधांच्या आधाराने नशा थांबवण्याचा, टप्पा उलटल्यावर बाळाला रोज ठरलेल्या वेळी आईकडे आणले जाते. खोलीचे भाडे जड वाटते हे खरे. पण गावाकडून आठवड्याला एकदा बाळ घेऊन येण्याजाण्याचा खर्च, बुडणारी मजुरी आणि अर्ध्यावर उपचार सोडण्याची शक्यता यांचा हिशेब मांडला तर ते तितके जड राहत नाही. दाखल होण्यापूर्वीच 'बाळाला रोज एक तास भेटू द्याल का' असे विचारावे. अनेक ठिकाणी याचा नियम नसतो, आणि नियम नसला की विचारणाऱ्याला सवलत मिळण्याची शक्यता असते.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला 'आई महिन्याने येईल' हे समजत नाही. त्याला ती नाहीशी झाली एवढेच कळते. या वयात सांभाळणारी व्यक्ती एकच असावी आणि ती आधीपासून ओळखीची असावी. दाखल होण्याआधी चार-पाच दिवस ती घरी राहायला आली, मुलाला जेवू घालू लागली आणि रात्री झोपवू लागली, की जाण्याचा दिवस सोपा जातो. आज काकूकडे, उद्या आत्याकडे अशी फिरती व्यवस्था मोठ्यांना न्यायाची वाटते, पण मुलाला ती जड जाते.

शाळेत जाणारे मूल मात्र स्वतःच्या घरात, स्वतःच्या शाळेत राहिलेले बरे. ज्या केंद्रात मुलांसाठी वेगळी खोली, खेळण्याची जागा आणि लक्ष ठेवणारी व्यक्ती नाही, तेथे केवळ आई किंवा वडील आहेत म्हणून आठ वर्षांच्या मुलाला ठेवून घ्या असा आग्रह धरू नये. त्या वॉर्डात कोणी टर्कीत ओरडत असतो, कोणाला भास होत असतात. त्या वयाच्या मुलाला आठवड्याची खात्रीची भेट आणि ठरलेल्या वेळचा फोन पुरेसा पडतो, अट एवढीच की तो चुकू नये.

सांभाळणारे कोणीच नसेल तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात संपर्क साधावा. बालकल्याण समितीमार्फत मुलाची तात्पुरती निवासव्यवस्था होऊ शकते, आणि नातेवाईक मूल सांभाळायला तयार आहेत पण खर्च झेपत नाही अशा स्थितीत राज्याच्या बालसंगोपन योजनेचीही तेथेच चौकशी करता येते. समितीपुढे जाण्याची लोकांना धास्ती वाटते. स्वतःहून, उपचाराची कागदपत्रे घेऊन गेलेला पालक आणि मूल बेवारस सापडल्यावर शोधून काढलेला पालक, या दोघांकडे समिती एकाच नजरेने पाहत नाही, हे लक्षात ठेवावे.

चौथी पायरी: कायदा काय देतो ते माहीत असू द्या

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. या कायद्याचे कलम २१ येथे महत्त्वाचे. मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल तिच्या तेथील वास्तव्यात सामान्यतः तिच्यापासून वेगळे केले जाऊ नये, असे ते सांगते. आईच्या आजारामुळे मुलाला इजा होण्याचा धोका आहे किंवा तिच्याजवळ राहणे मुलाच्या हिताचे व सुरक्षिततेचे नाही असे उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचे मत झाले, तर तात्पुरते वेगळे ठेवता येते. पण तेव्हाही कर्मचाऱ्यांच्या किंवा नातेवाइकांच्या देखरेखीखाली तिला मूल भेटत राहिले पाहिजे, या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार झाला पाहिजे, आणि सलग तीस दिवसांपेक्षा अधिक ताटातूट करायची झाल्यास संबंधित प्राधिकरणाची मान्यता लागते.

कागदावर हा हक्क भक्कम आहे. प्रत्यक्षात बहुतेक केंद्रांकडे मुलासाठी जागाच नसते आणि 'आमच्याकडे लहान मुले घेत नाहीत' असे दारातच सांगितले जाते. तेथे वाद घालून दाखल होण्यापेक्षा कलमाचा उल्लेख करून भेटींची सोय तरी पदरात पाडून घेणे अधिक उपयोगाचे, आणि सरकारी रुग्णालयात मात्र हे कलम आग्रहाने दाखवावे. हे कलम केवळ आईविषयी बोलते. पत्नी वारलेल्या किंवा सोडून गेलेल्या वडिलांसाठी अशी तरतूद त्यात नाही, आणि ही उणीव आहे असे मला वाटते.

प्रौढ व्यक्ती स्वेच्छेने दाखल झाली असेल तर ती घरी जाण्याची मागणी करू शकते. डॉक्टरांना गंभीर शंका असल्यास तपासणीपुरते चोवीस तास थांबवता येते. मूल आजारी पडले तर निघता येईल का, ही धास्ती असणाऱ्या आईला हे आधीच सांगून ठेवावे. साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधीही, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत आपल्याला साहाय्य करणारी व्यक्ती, नेमता येतो. घरात मारहाण होत असेल तर प्रतिनिधी म्हणून आपोआप नवऱ्याचे नाव लिहू नये. बहीण, भाऊ किंवा विश्वासाची मैत्रीण चालते. मारहाणीच्या तक्रारीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४अ अमली पदार्थविषयक (एनडीपीएस) कायद्यात आहे. ते मोठ्या साठ्याला किंवा विक्रीला लागू नाही, आणि पोलीस प्रकरण आधीच झाले असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जावे.

पाचवी पायरी: केंद्र पाहून घ्या

महाराष्ट्रात जुन्या आणि नावाजलेल्या संस्था आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने उभे केले. तेथे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे आणि रुग्णांच्या पत्नींसाठी सहचरी गट चालतो. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यात सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनची केंद्रे अनेक ठिकाणी आहेत. केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात ती एकात्मिक पुनर्वसन केंद्रे अनेक जिल्ह्यांत आहेत. सिंधुदुर्गातील लोकांना बांबोळी येथील, आयपीएचबी या नावाने ओळखली जाणारी गोव्याची सरकारी मनोविकार उपचार संस्था जवळ पडते. यांतील प्रत्येक ठिकाणी मुलांविषयीचे नियम फोनवर न विचारता, दाखल होण्याआधी एकदा जाऊन विचारावेत.

जाऊन काय पाहावे? नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री फिट आली तर कोण असते, स्त्रियांच्या विभागात रात्रपाळीला स्त्री कर्मचारी आहे का, मुलाला भेटण्यासाठी वॉर्डाबाहेर जागा आहे का, फोन कधी करता येतो आणि तो समोर कोणी बसून ऐकते का. 'पहिले पंधरा दिवस भेट नाही, फोन नाही' असा नियम असेल तर लहान मुलाच्या पालकाला त्यातून सूट आहे का, हे स्पष्ट विचारावे. आत जाऊन स्वयंपाकघर आणि संडास दाखवा म्हटल्यावर जे आढेवेढे घेतात, कोऱ्या संमतिपत्रावर सही मागतात किंवा 'तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची पोरे येऊन उचलून नेतील' असे सांगतात, तेथून उठून यावे. आईला किंवा बापाला चार अनोळखी माणसांनी हातपाय धरून गाडीत कोंबताना पाहिलेले मूल ते दृश्य विसरत नाही, आणि उपचारावरचा विश्वासही तेथेच संपतो. रुग्णाला साखळीने बांधण्यास तर कायद्यानेच मनाई आहे.

पैशांविषयी थोडक्यात. सरकारी रुग्णालयांत आणि अनुदानित केंद्रांत खर्च नाममात्र असतो. खासगी केंद्रांच्या शुल्कात मोठी तफावत आहे, म्हणून औषधे, रक्त तपासण्या आणि बरोबर राहणाऱ्या नातेवाइकाचे जेवण शुल्कात धरले आहे का ते लेखी घ्यावे. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत 'एक्सक्ल १२' हा संकेत शोधावा. व्यसनावरील उपचार वगळण्यासाठी तोच वापरला जातो.

सहावी पायरी: जाण्याच्या आदल्या आठवड्यातील कामे

मूल ज्या व्यक्तीकडे राहणार तिच्या नावे एक साधे पत्र लिहून द्यावे: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मुलाचा सांभाळ, शाळेतून ने-आण आणि तातडीच्या औषधोपचाराची परवानगी. याने पालकत्व कोणाकडे जात नाही, आणि पत्रात तसे एका वाक्यात नमूद करावे. त्याबरोबर मुलाचे आधार कार्ड, लसीकरण कार्ड, रेशन कार्डाची प्रत, चालू औषधे आणि कशाची ॲलर्जी आहे ते द्यावे. सोडचिठ्ठीचा किंवा ताब्याचा दावा चालू असेल तर हे पत्र देण्यापूर्वी वकिलाला दाखवावे. केंद्राने उपचाराची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, पण न्यायालय ती मागवू शकते. आणि त्या वेळी 'आईने वेळेवर, स्वतःहून उपचार घेतले' ही नोंद सहसा तिच्या बाजूचीच ठरते.

शाळेत फक्त वर्गशिक्षकांना सांगावे. आजाराचे नाव सांगणे बंधनकारक नाही. घरातील व्यक्ती रुग्णालयात दाखल आहे, मूल काही दिवस गप्प किंवा चिडके वाटेल आणि न्यायला मामा येईल, एवढे पुरते.

मुलाला मात्र खरे सांगावे. 'बाबा दौऱ्यावर गेलेत', 'आई आजोळी गेलीय' ही थाप दोन दिवसांत फुटते, कारण वाड्यातले किंवा चाळीतले दुसरे मूल ती फोडतेच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला इतके सांगितले तरी चालते: "बाळा, मला दारूचा आजार झालाय. तो बरा करायला मी दवाखान्यात राहणार आहे. तुझ्यामुळे हा आजार झाला नाही, आणि तू शहाण्यासारखा वागलास म्हणून तो बरा होणार नाही. ते काम डॉक्टरांचं आणि माझं. तू मावशीकडे राहशील. दर रविवारी आपण भेटू." पहिल्या भेटीला नियमामुळे उशीर होणार असेल तर तोही सांगावा, आणि कॅलेंडरवर त्या तारखेला मुलाच्याच हाताने गोल काढून घ्यावा. दहा-बारा वर्षांच्या मुलाने बरेच काही पाहिलेले असते. कदाचित बाटल्या मोरीत ओतल्या असतील, धाकट्याला रात्री झोपवले असेल. त्याला 'आता तूच घर सांभाळ' असे बजावू नये. त्याने आजवर केले ते त्याचे काम नव्हते आणि आता ते मोठ्यांकडे सोपवले आहे, हे त्याला ऐकू द्यावे.

सातवी पायरी: केंद्रातील दिवस

पहिला आठवडा औषधे, झोप आणि व्हिटॅमिन बी-१ च्या इंजेक्शनांत जातो. त्यानंतर दिनक्रम सुरू होतो: सकाळी व्यायाम किंवा योग, गटसभा, वैयक्तिक समुपदेशन, वॉर्डातील कामे, संध्याकाळी पुन्हा सभा. डोके जसे निवळते तसा मुलाविषयीचा अपराधीपणा उसळून येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात 'पोरगी रडतेय, मला आत्ता सोडा' असे म्हणून निघून जाणाऱ्या आया आणि वडील पुष्कळ असतात. अशा वेळी घरच्यांनी फोनवर मुलाचे रडणे ऐकवू नये, तसेच 'सगळे मजेत आहे, तुझी आठवणही काढत नाही' असेही सांगू नये. मूल काय जेवले, शाळेत काय झाले, कधी रडले आणि कशाने शांत झाले, हे सरळ सांगावे.

भेटीच्या वेळी मुलाला काहीतरी करायला द्यावे: चित्राची वही, पत्ते, सोललेला संत्रा. समोरासमोर बसून 'बोल ना आईशी' असा आग्रह केला की मूल गप्प होते. पहिल्या भेटीत त्याने तोंड फिरवले तर ते मनावर घेऊ नये. मूल वाढवण्यासंबंधीचे समुपदेशन, म्हणजे राग आल्यावर काय करायचे, शब्द कसा पाळायचा, शिस्त कशी लावायची, हे केंद्राच्या कार्यक्रमात नसेल तर समुपदेशकाकडे ते मागून घ्यावे. व्यसनाबद्दलच्या सभांतून ते आपोआप मिळत नाही.

आठवी पायरी: घरी परतल्यावर

परतल्याच्या दिवशी पाहुणे बोलवू नयेत. महिनाभरात मूल मावशीच्या हाताने जेवायला शिकलेले असते. पहिले काही दिवस तिने घरी थांबावे आणि एकेक काम आईकडे किंवा वडिलांकडे परत द्यावे, आधी शाळेचा डबा, मग अभ्यास, मग रात्रीचे झोपवणे.

औषधे कुलूपबंद डब्यात ठेवावीत. ब्युप्रेनॉर्फिनची एक गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. दारूची इच्छा कमी करणारी किंवा दारू घेतल्यास त्रास होईल अशी औषधे डॉक्टर देतात, आणि यांतील दुसऱ्या प्रकारचे डायसल्फिराम हे औषध रुग्णाला न सांगता चहात किंवा भाजीत मिसळण्याची पद्धत घराघरांत आढळते. ते घेतलेल्या माणसाने नकळत दारू घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तर ते सहसा देतच नाहीत. गर्दच्या रुग्णाबाबत आणखी एक गोष्ट घरच्यांना माहीत हवी: महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीच्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. ओठ निळे पडले, श्वास मंद झाला, हलवूनही जाग येत नसेल तर १०८ ला फोन करावा.

फॉलोअपची तारीख मुलाच्या शाळेच्या वेळेत घ्यावी. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक गावांत मराठीतून आणि विनाशुल्क होतात. जोडीदारासाठी अल-ॲनॉन हा तसाच गट आहे आणि किशोरवयीन मुलांसाठी काही ठिकाणी ॲलाटीन गटही असतो.

पुन्हा घेतले गेले तर काय करायचे, हे चांगल्या दिवसांतच कागदावर ठरवावे. त्या रात्री मूल कोठे झोपेल, तेथपर्यंत त्याला कोण नेईल, आणि कोणीच मोठे जवळ नसेल तर मुलाने कोणाला फोन करायचा, इतकेच त्यात हवे. तो क्रमांक मुलाच्या कंपासपेटीत चिकटवून ठेवावा आणि त्याला दोन-तीनदा लावायलाही लावावा. एकदा घसरले म्हणजे पुन्हा महिनाभर दाखल व्हावेच लागते असे नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला कळवले तर बहुधा औषध बदलून आणि ओपीडीच्या फेऱ्या वाढवून भागते, आणि मूल मावशीकडून दोन दिवसांत घरी येते.